एमजीबीचं सस्पेन्शन नवं केलं: आठ महिन्यांचा अनुभव, आणि त्या कुरकुरीबद्दल जरा जास्तच

माझ्या एमजीबीच्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सस्पेन्शनमध्ये पॉलियुरेथेनचे बुश घातले, म्हणजे सांध्यांत बसणारे कडक गोल तुकडे, आणि ते कुरकुरायला लागले म्हणून विक्रेत्याला लिहिलं होतं. काल त्याचं उत्तर आलं, दोन ओळींचं. पॉलियुरेथेन बुश थोडा आवाज करतातच, गाडी चालवत राहा, बसतील. अहो चार महिने चालवतोच आहे ना, तीन हजारांच्या वर किलोमीटर झाले, बुश काही बसले नाहीत, उलट आधी फक्त पुढून येणारा आवाज आता मागूनही यायला लागलाय. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो, म्हणजे दुसरा कोणी हाच सेट घ्यायला निघाला असेल तर त्याने आधी हे वाचावं.

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, क्रोम बंपरवाली, स्पोकची चाकं. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना पुढचा विशबोन, कॉइल, मागचे पाटे हे सगळं पाठ असतं त्यामुळे ते सांगत बसत नाही, बाकीच्यांसाठी एवढंच की विशबोन म्हणजे चाक धरणारा, वर-खाली हलणारा आर्म, कॉइल म्हणजे गोल स्प्रिंग आणि पाटे म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग. माझी तक्रार अशी होती की ऐंशीच्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरायचं, ब्रेक मारला की नाक उजवीकडे जायचं, आणि रस्त्यावर एखादी भेग आली तरी पुढून खट्ट. चाक वर उचलून वर आणि खाली असं दोन हातांनी धरून हलवलं तर चांगलीच खेळ होती. मग कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि परत हलवलं, तरी खेळ तशीच. ब्रेक दाबल्यावर खेळ गेली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती), ही एवढी परीक्षा सगळ्यांनी घरी करा, उगाच बेअरिंग बदलून पैसे घालवू नका.

मी आधीच ठरवलं होतं की जपून खर्च करायचा, म्हणजे झिजलंय ते बदलायचं, दुरुस्त होतंय ते दुरुस्त करायचं आणि नुसतं चकचकीत दिसतंय म्हणून काही घ्यायचं नाही. त्याप्रमाणे किंगपिन नवे, खालच्या पिना नव्या, चारही लिव्हर शॉकअप (तेल भरलेले, आर्मने चालणारे जुन्या पद्धतीचे) दुरुस्तीला, पुढच्या कॉइल जुन्याच कारण उंची मोजली तर दोन्हीकडे सारखी होती, मागचे पाटे नवे कारण एकाचं एक पान तुटलं होतं, आणि पुढे पाऊण इंची जाड अँटी रोल बार (वळणातलं कलणं कमी करणारी सळई). हात सैल सोडला तो फक्त एका ठिकाणी, सगळ्या गाडीचा पॉली बुश सेट घेतला, विशबोनपासून मागच्या शॅकलपर्यंत (पाट्याचं मागचं टोक धरणारी कडी). आणि नेमका तोच नडला.

आवाज सुरू झाला साधारण चारशे किलोमीटरला. गतिरोधकावर नाक खाली जाताना कुर्र आणि वर येताना ईक, जुन्या लाकडी दाराच्या बिजागरीसारखा. गाडी उघडी, छत खाली, त्यामुळे प्रत्येक आवाज थेट कानात. शेजारी बसलेल्या माणसाने पहिल्याच वळणावर विचारलं की काही तुटलंय का. मी सगळं खोललं, बुशबरोबर आलेलं सिलिकॉन ग्रीस परत भरलं, बंद केलं, तीन आठवडे गाडी अगदी गप्प, मग एकदा धुतली आणि दुसऱ्या दिवशी आवाज हजर. परत खोललं, परत ग्रीस. असं तीनदा झालंय. एका वेळचं काम म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि प्रत्येक वेळी त्या दाबलेल्या कॉइलशी खेळावं लागतं ते वेगळंच.

हे असं का होतं ते आता मला नीट कळलंय. रबर बुश फिरत नाही, रबर आतल्या आत पिळलं जातं आणि परत सरळ होतं. पॉली बुश मात्र आतल्या स्टीलच्या नळीवर खरोखर घासून फिरतो. घासणाऱ्या जागी ग्रीस आहे तोवर ठीक, पाण्याने किंवा धुळीने ते गेलं की बुश चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो, तोच तो आवाज. म्हणजे "बसेल" हे उत्तरच चुकीचं आहे, घासून फिरणारी वस्तू बिनग्रीसची कशी काय बसणार, ती झिजणार.

नेमका कुठला बुश ओरडतोय ते शोधायची एक युक्ती सांगतो, कारण कानाने काही कळत नाही, बॉडी आवाज इकडचा तिकडे नेते. पाण्याची बाटली घ्यायची, कोणाला तरी बंपरवर वजन टाकून गाडी झुलवायला सांगायची आणि एकेका बुशवर थोडं थोडं पाणी सोडत जायचं. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज काही मिनिटं बंद होतो तो चोर. माझ्याकडे पुढचा डावा विशबोन, त्यातला मागचा आर्म, हा मुख्य निघाला. नंतर मागचे दोन्ही शॅकल. हे सगळं फोटोंसकट विक्रेत्याला पाठवलं होतं आणि त्यावर ते दोन ओळींचं उत्तर. परत घ्यायचा तर विषयच नाही म्हणे, माल वापरलेला आहे. अहो वापरल्याशिवाय आवाज येतो की नाही हे कळणार कसं!

बाकीच्या कामाचं लवकर सांगतो. किंगपिनचं काम झकास झालंय, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा लेथवाल्याने स्टब एक्सलमधले (ज्यावर चाक बसतं तो भाग) किंगपिनचे नवे बुश दाबून बसवले आणि वरचा वेगळा, खालचा वेगळा असे रीम केले, म्हणजे भोक मापात घासून घेतलं. दोन्ही भोकं आपापल्या जागी बरोबर पण एका रेषेत नाहीत, त्यामुळे पिन जायची पण जड फिरायची. गाडीवर लावल्यावर वळणानंतर स्टेअरिंग सोडलं तर आहे तिथेच राहायचं. या गाडीचा कॅस्टर (किंगपिन मागे कललेला असतो तो कोन) ७ अंश आहे, एवढ्या कॅस्टरला स्टेअरिंग आपोआप सरळ यायलाच हवं, नाही आलं म्हणजे काहीतरी घट्ट आहे. मग दुसऱ्या मिस्त्रींकडे लांब रीमर होता जो दोन्ही बुशमधून एकदम जातो, त्यांच्याकडे नवे बुश टाकून परत केलं. ते म्हणाले, "साहेब, पिन स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरली पाहिजे, ढकलावी लागली तर चूक आणि सटकन पडली तरी चूक." तसंच झालं. आणखी एक, बुश दाबताना त्यातलं ग्रीसचं भोक स्टब एक्सलच्या भोकाशी जुळलंय ना हे डोळ्याने बघा, नाही जुळलं तर निप्पलमधून कितीही ग्रीस मारा, पिनेपर्यंत पोचणार नाही.

लिव्हर शॉकअप दुरुस्त केले हे मात्र चुकलं असं आता वाटतंय. बाहेरून गळती नाही, शाफ्टला खेळ नाही, पण खड्ड्यातून गेल्यावर नाक दोनदा-तीनदा डोलतं, पहिल्या इंचभर हालचालीला तर अडवणूकच नाही. एकाने सांगितलं म्हणून जाड तेल घातलं तर छोट्या खड्ड्यांना गाडी दगडासारखी आणि मोठ्यांना तशीच डोलणारी. सरळ टेलिस्कोपिकचा (नळीसारख्या शॉकअपचा) किट घ्यायला हवा होता, थोडे पैसे वाचवायला गेलो आणि फसलो.

---

वरचं सगळं चौथ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं, रागात होतो. आता आठवा महिना संपला, गाडी साडेसहा हजार किलोमीटर चाललीये, आणि त्यातलं बरंच मला बदलायचंय. खोडत नाही, कारण कुरकुरीबद्दलचा शब्द न् शब्द खराच आहे, पण शॉकअपबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं आणि ते आधी सांगतो.

शॉकअपमध्ये हवा होती, बस. दुरुस्त होऊन आले तेव्हा खोक्यात आडवे पडले होते, मी तसेच उचलून गाडीला लावले. लिव्हर शॉकअपच्या आत दोन पिस्टन तेल व्हॉल्व्हमधून इकडून तिकडे ढकलतात, त्या तेलात हवा असली की पिस्टन आधी हवा दाबतो आणि मग तेल, म्हणून तो पहिला इंचभर मोकळा जात होता. खोलून उभे धरले, आर्म अगदी वरपासून अगदी खालपर्यंत दहाबारा वेळा सावकाश चालवला, बुडबुडे आले, पातळी उतरली, तेल भरलं, परत चालवला. जाड तेल काढून टाकून योग्य ते पातळ शॉकअपचं तेल घातलं. पूर्ण चालभर हाताला एकसारखी अडवणूक लागेपर्यंत सोडलं नाही. परत लावल्यावर गाडी खड्ड्यातून एकदा खाली जाते, एकदा वर येते आणि थांबते. भरायचा प्लग उघडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने साफ करा, एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर परत पहिल्यापासून.

आणि टेलिस्कोपिकबद्दल जे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ते म्हणजे पुढच्या बाजूला लिव्हर शॉकअप हा नुसता शॉकअप नाहीच, त्याचा आर्म हाच वरचा विशबोन आहे. पुढचे बरेच साधे किट जुना शॉकअप आर्म म्हणून तसाच ठेवतात, व्हॉल्व्ह काढून टाकतात आणि बाजूला टेलिस्कोपिक जोडतात. म्हणजे शाफ्ट झिजलेला असेल तर तो झिजलेलाच राहतो, चाक वरून हलतंच, आणि तुम्ही नव्या शॉकअपचे पैसे देऊन बसलेले. जे करायचं ते शाफ्ट आणि बुशिंगचं काम, मी तेच केलं होतं. ही पुढची रचना मुळात एमजीच्याच १९४७ च्या वाय टाइप सलूनची, मिनी गाडीवाल्या इसिगोनिसची, मग एमजीच्या टीडी, एमजीए आणि शेवटी एमजीबीला आली. १९८० ला ॲबिंग्डनच्या कारखान्यातून शेवटची एमजीबी निघेपर्यंत तीच होती, आणि नीट राखली तर मला तरी तिच्यात काही उणं दिसत नाही.

आता बुश. पाचव्या महिन्यात मी पुढच्या विशबोनमधले पॉली काढून टाकले आणि एमजीबीच्याच जीटी व्ही८ मॉडेलचे बुश घातले. १९७३ ते १९७६ मध्ये त्या गाड्या फक्त २,५९१ झाल्या, पण त्यांचा हा बुश साध्या एमजीबीच्या विशबोनमध्ये तसाच बसतो. मूळचा रबर बुश दोन अर्ध्या तुकड्यांचा असतो, हा अख्खा एक, बाहेर स्टील, आत स्टीलची नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. घासत काहीच नाही, ग्रीस लागतच नाही, म्हणून आवाज यायला जागाच नाही.

तरीही पहिला जोड मी फुकट घालवला. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) होती, चाकं लोंबत होती, आणि मी तशीच नटं पूर्ण आवळून टाकली. पॉलीला ते चालतं कारण तो फिरतो. चिकटवलेल्या रबरला नाही चालत. लोंबत्या अवस्थेत नट आवळलं की रबरची सरळ अवस्था तीच ठरते, मग गाडी जमिनीवर आली की रबर सतत पिळलेलं. नाक बोटभर उंच दिसत होतं, मला वाटलं नवे आहेत, बसतील, म्हणजे विक्रेत्याचाच शब्द मी स्वतःला ऐकवत होतो. तीन आठवड्यांनी बघितलं तर रबरला काठाने चिरा. दुसरा जोड आणला, दाबून बसवला, नटं हातानेच लावली, गाडी खाली घेतली, पुढची-मागची चाकं जाड फळ्यांवर चढवली, चार-पाच वेळा झुलवून तिच्या नेहमीच्या उंचीवर बसू दिली आणि मग आत शिरून आवळली. नाक आपल्या उंचीला आलं. मागच्या पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बुशही असाच चिकटवलेला आहे, त्यालाही हाच नियम, तो माझ्याकडून नशिबाने बरोबर झाला होता.

त्यानंतर पहिल्यांदा गाडी काढली तो दिवस मला नीट आठवतोय. मुद्दाम धुवून काढली, ओली असतानाच, कारण कुरकुर नेहमी धुतल्यावर यायची. पहिला गतिरोधक, काही नाही. दुसरा, काही नाही. पुढून फक्त टायरचा आणि इंजिनचा आवाज. मी परत वळून तोच गतिरोधक तीनदा ओलांडला. इतक्या महिन्यांत मी गाडी ऐकणंच सोडून दिलं होतं, सगळं लक्ष त्या एका आवाजाकडे, तो येतोय का, आता येईल का. त्या दिवशी कळलं की हिचं स्टेअरिंग किती बोलतं, रस्त्याचा पोत बदलला की हाताला कळतं, लांब वळणात एकदा कोन धरला की परत परत दुरुस्त करावं लागत नाही. हे किंगपिन आणि शॉकअपचं काम, बुशचं नाही, पण कुरकुरीने ते माझ्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

पॉलीच्या बाजूनेही खरं ते सांगतो. वळणात शिरताना पॉलीवर गाडी किंचित जास्त चटकन वळायची, एवढा फरक जाणवतो. ट्रॅकवर नेणाऱ्याला, दर महिन्याला खोलणाऱ्याला तो चालेल. रोज रस्त्यावर, पावसात, धुळीत चालवणाऱ्याने त्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाऊण इंची बारने वळणातलं कलणं चांगलंच कमी झालं, पण एकाच बाजूचा खड्डा आला की त्याचा धक्का दुसऱ्या चाकालाही कळतो, बार दोन चाकं जोडतो म्हटल्यावर ते होणारच. १९७४ च्या शेवटापासून रबर बंपरच्या गाड्या इंच-दीड इंच उंच केल्या गेल्या आणि काही काळ पुढचा बारही स्टँडर्डमधून काढला होता, ज्यांच्याकडे तशी गाडी आहे त्यांनी सगळ्यात आधी बार घालावा, बाकी नंतर. मागचे नवे पाटे सुरुवातीला गाडी मागून उचलून धरत होते, उजवीकडे डाव्यापेक्षा बारा मिलिमीटर जास्त, हजारभर किलोमीटरनंतर पाचावर आलं, सोडून दिलं. अलाइनमेंटवाल्याने कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) सेट करू का विचारलं. या गाडीत तशी सोयच नाही, कॅम्बर नावापुरता १ अंश बाहेर, तो आहे तो आहे, फक्त टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली) करायचा, १/१६ ते ३/३२ इंच.

पुढच्या हब बेअरिंगबद्दल एक, कारण मी दोन जणांकडे चुकीचं पाहिलंय. दोन बेअरिंगमध्ये जी नळी आणि पातळ शिम (चकत्या) असतात त्या काढून टाकून नुसत्या अंदाजाने नट लावू नका. शिम घालून ०.००२ ते ०.००४ इंच खेळ ठेवायची आणि नट पूर्ण आवळायचं, त्या नळीमुळे स्टब एक्सलला मजबुती मिळते. कंटाळवाणं काम आहे, हब चार-पाच वेळा काढावा लागतो, तरी करा.

आणि कॉइल. कृपा करून नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून स्प्रिंग पॅन (कॉइलखालची थाळी) सोडू नका. पॅनच्या दोन भोकांतून लांब आट्यांचे बोल्ट घालायचे, बाकीचे सोडायचे आणि मग दोन्ही नटं आळीपाळीने थोडी थोडी सोडत कॉइल मोकळी करायची. एकदा माझा जॅक अर्धा इंच सरकला होता, बोल्ट होते म्हणून काही झालं नाही, नसते तर ती कॉइल कुठे गेली असती याचा विचार मी अजूनही करतो.

ग्रीस निप्पल एका बाजूला तीन, दर तीन हजार मैलांना, मी त्याच्या निम्म्यावरच करतो. चाक जमिनीवरून उचलून मारा म्हणजे वजन पडतं त्या बाजूलाही ग्रीस शिरतं, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहा. खालच्या पिनेचा निप्पल सगळ्यात आधी चोंदतो. माझे जुने किंगपिन बाहेर काढले तेव्हा आत ग्रीसचा खडा झाला होता, निप्पलमध्ये वर्षानुवर्षं ग्रीस मारलं गेलं आणि पिनेला एक थेंब पोचला नव्हता.

पुढचे पॉली काढलेले धुवून पुसून डब्यात ठेवलेत, टाकायचा जीव होत नाही. मागच्या शॅकलमध्ये ते अजून आहेत, तिकडून आवाज कमी म्हणून इतके दिवस चालवून घेतलं. परवा पाऊस पडून गेल्यावर गाडी काढली, पुढून शांत, आणि मागच्या डाव्या बाजूने एकदाच, बारीक, ईक. साध्या दोन तुकडी रबर बुशचा जोड आणून ठेवलाय, रविवारी गाडी घोड्यांवर घेतो, आणि या वेळी नटं गाडी खाली आल्यावरच आवळणार.